आजी-आजोबांसह डिस्नी वर्ल्ड: मुक्काम आवारात की आवाराबाहेर? एक प्रकरण

पार्श्वभूमी

न्यू जर्सीत एडिसनच्या आसपास राहणारे एक मराठी कुटुंब ऑगस्ट 2025मध्ये फ्लोरिडातील वॉल्ट डिस्नी वर्ल्डला जाऊन आले. नाशिकहून सहा महिन्यांसाठी आलेले आजी-आजोबा, त्यांचा मुलगा आणि सून, सात वर्षांची नात आणि नुकताच तीन वर्षांचा झालेला नातू अशी सहा माणसे होती. ओळख पटेल असे तपशील येथे वगळले आहेत. आजोबांना मधुमेह असून त्यांना रात्री इन्शुलिन घ्यावे लागते. आजींचे गुडघे दुखतात, त्यामुळे सलग अर्धा तास उभे राहणे त्यांना जड जाते. शिवाय चातुर्मास असल्याने त्या कांदा-लसूण खात नव्हत्या.

ऑगस्टचा तिसरा आठवडा निवडण्यामागे विचार होता. फ्लोरिडातील शाळा ऑगस्टच्या सुरुवातीच्या पंधरवड्यातच उघडतात, तर न्यू जर्सीतील शाळा साधारणपणे लेबर डेच्या (सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारच्या) सुमारास सुरू होतात; या मधल्या फटीत पार्कमधील गर्दी ओसरते आणि हॉटेलांचे दरही उतरतात. त्या वर्षी गणपती 27 ऑगस्टला बसणार होते आणि त्याआधी घरी परतणे आवश्यक होते. या सोयीची किंमत म्हणजे फ्लोरिडाचे ऊन, दमट हवा आणि जवळजवळ रोज दुपारी कोसळणारा विजांचा पाऊस. हा शेवटचा मुद्दा नियोजनाच्या वेळी कोणी फारसा मनावर घेतला नाही, पण मुक्कामाच्या निर्णयात पुढे तोच सर्वांत वजनदार ठरला.

अडचण

डिस्नी वर्ल्ड हा एक पार्क नसून सुमारे शंभर चौरस किलोमीटरचा परिसर आहे. त्यात मॅजिक किंग्डम, एप्कॉट, हॉलिवूड स्टुडिओज आणि अ‍ॅनिमल किंग्डम असे चार पार्क, दोन जलक्रीडा पार्क आणि डिस्नीची स्वतःची वीसहून अधिक हॉटेले आहेत. त्यामुळे ‘आवारात राहणे’ म्हणजे पार्कच्या दाराशी राहणे असा अर्थ होत नाही. आवारातील स्वस्त हॉटेलांपैकी काही मॅजिक किंग्डमपासून बरीच लांब आहेत, आणि आवाराबाहेरची काही हॉटेले त्याहून जवळ आहेत. नकाशावरचे अंतर पाहून निर्णय घेऊ पाहणारा माणूस येथे हमखास फसतो.

मुलाने प्रथेप्रमाणे एक्सेलचा तक्ता केला. प्रत्येक पर्यायाचा रात्रीचा दर, कर, जेवणाचा खर्च, गाडीचे भाडे असे रकाने त्यात होते. त्या तक्त्यानुसार उत्तर अगदी सरळ होते: आवाराबाहेर, जवळच्या किसिमी भागात तीन-चार खोल्यांचे, स्वयंपाकघर आणि स्वतःचा तरणतलाव असलेले घर भाड्याने घ्यावे. सुनेचा आक्षेप असा होता की या तक्त्यात दुपार कुठेच नाही. सकाळी सहा जणांना घेऊन पार्कमध्ये गेल्यावर एक वाजता आजी थकल्या, नातू पेंगुळला आणि आभाळ भरून आले, तर कोणी, कोणाला घेऊन, कशाने परत यायचे?

या प्रश्नावर आजोबांनी दिलेले उत्तर आपल्याकडच्या बहुतेक घरांतले वडीलधारे देतील तेच होते. “तुम्ही पोरांना घेऊन फिरा, आम्ही दोघं घरी थांबू.” असे उत्तर शब्दशः घ्यायचे नसते, हे सुनेला ठाऊक होते. किसिमीतील त्या वसाहतीत पायी जाण्यासारखे दुकानसुद्धा नव्हते. गाडी न चालवणारी दोन माणसे तेथे दिवसभर थांबली असती, तर त्यांची सहल एडिसनमधल्या सोफ्यावरून किसिमीतल्या सोफ्यावर एवढीच झाली असती.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय किसिमीतील घराचा. जागा ऐसपैस, स्वतंत्र खोल्या, कपडे धुण्याचे यंत्र, आणि मुख्य म्हणजे गॅस. आजींचे चातुर्मासाचे जेवण आणि सहलीत येणारी श्रावण वद्य एकादशी, दोन्ही निभावणार होते. मात्र जाहिरातीतील दर आणि प्रत्यक्ष देय रक्कम यांत मोठी तफावत होती. स्वच्छतेचे एकरकमी शुल्क, नोंदणी संकेतस्थळाचे शुल्क आणि किसिमी ज्या काउंटीत येते त्या ऑसिओलातील विक्रीकर व पर्यटन कर मिळून 13.5 टक्के धरल्यावर दर जवळपास दीडपट झाला. स्वच्छतेचे शुल्क तीन रात्री राहिले काय आणि सात रात्री राहिले काय, तेवढेच असते. म्हणून मुक्काम जितका छोटा, तितके घर महाग पडते. त्यावर पार्कच्या वाहनतळाचे त्या वेळी दिवसाला 30 डॉलर होते.

मॅजिक किंग्डमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, जी प्रथम जाणाऱ्याला सहसा कळत नाही. स्वतःच्या गाडीने आलेल्या पाहुण्यांचा वाहनतळ पार्कपाशी नाही. तो तळ्याच्या अलीकडे, तिकीट केंद्रापाशी आहे. गाडी लावून तिकीट केंद्रापर्यंत यायचे, तेथून मोनोरेलने किंवा फेरीबोटीने तळे ओलांडायचे, आणि मग पार्कचे दार येते. डिस्नीच्या हॉटेलांतून सुटणाऱ्या बस मात्र थेट दाराजवळच्या थांब्यावर उतरवतात. तरुण माणसाला हा फरक पाऊण तासाचा वाटेल. गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी तो परत येता येणे आणि न येता येणे यांतला फरक आहे.

दुसरा पर्याय आवारातील आर्ट ऑफ अ‍ॅनिमेशन या हॉटेलातील कौटुंबिक स्वीटचा. त्यात सहा जणांची झोपण्याची सोय, दोन न्हाणीघरे आणि एक बंद होणारी वेगळी खोली असते. पण स्वयंपाकाच्या नावाने मायक्रोवेव्ह आणि छोटा फ्रिज एवढेच. रात्रीचा दर घरापेक्षा बराच जास्त. त्याच्या बदल्यात हॉटेलात आणि पार्कमध्ये गाडी लावायला पैसे नाहीत, वेगळे ‘रिसॉर्ट शुल्क’ नाही, रोज सर्व पार्कमध्ये इतरांच्या अर्धा तास आधी प्रवेश, आणि राइडसाठी कमी रांगेची सशुल्क सोय, जिला लाइटनिंग लेन म्हणतात, ती चेक-इनच्या सात दिवस आधीपासून संपूर्ण मुक्कामासाठी राखून ठेवण्याची मुभा. बाहेर राहणाऱ्यांना ती फक्त तीन दिवस आधी मिळते. याशिवाय हे हॉटेल स्कायलायनर या हवाई पाळण्यांच्या मार्गावर आहे आणि तेथून एप्कॉट व हॉलिवूड स्टुडिओजला जाता येते.

डिस्नी स्प्रिंग्ज परिसरातील इतर कंपन्यांच्या हॉटेलांचा तिसरा पर्यायही तपासला गेला. त्यांपैकी काहींना लवकर प्रवेशाची सवलत लागू आहे. परंतु सहा जणांसाठी दोन खोल्या घ्याव्या लागल्या असत्या, त्या शेजारी-शेजारी मिळतील याची लेखी हमी कोणी देईना, आणि आजोबांना वेगळ्या खोलीत रात्री एकटे ठेवायला मुलगा तयार नव्हता. हा पर्याय एका संध्याकाळीच बाद झाला.

निर्णय कसा झाला

घराचे आरक्षण आधी झाले होते. ते बदलण्यास कारण ठरली ती सुनेच्या लक्षात आलेली एक गोष्ट. आवारातील मुक्कामाच्या सवलती रात्रींवर मोजल्या जात नाहीत. चेक-इनच्या दिवशी सकाळपासून चेक-आउटच्या दिवशी रात्रीपर्यंत त्या लागू असतात. म्हणजे दोन रात्रींचे पैसे भरले की पार्कचे तीन दिवस पदरात पडतात. कुटुंबाने तिकिटेही तीनच दिवसांची काढायची ठरवली होती, कारण आजोबांना डिस्नीपेक्षा केनेडी स्पेस सेंटरमधले सॅटर्न पाच रॉकेट पाहण्यात रस होता आणि त्यासाठी समुद्रकिनाऱ्याकडे तासाभराचा प्रवास करून एक अख्खा दिवस द्यायचा होता.

त्यामुळे चौथा पर्याय पुढे आला: तीन रात्री घर आणि दोन रात्री हॉटेल. अंतराळ केंद्र, विश्रांती आणि एकादशी घराच्या वाट्याला. पार्कचे तिन्ही दिवस हॉटेलच्या वाट्याला. खर्च दोन्ही टोकांच्या मधोमध आला. माझ्या मते या प्रकरणातील खरा शहाणपणा येथे आहे, कारण आवारात राहण्याचे पैसे ज्या दिवशी वसूल होणार, त्याच दिवसांसाठी ते मोजले गेले. स्पेस सेंटरला जाण्याच्या दिवशी डिस्नीच्या हॉटेलात राहणे म्हणजे न वापरलेल्या सवलतीचे भाडे भरणे होय.

क्रमाचा प्रश्न मात्र घाईत सुटला. एकादशी सहलीच्या तिसऱ्या दिवशी येत होती आणि त्या दिवशी गॅस हाताशी हवा, या एकाच कारणाने घर आधी व हॉटेल नंतर असे ठरले. मुलाने शंका काढली होती, पण आईच्या उपासाविरुद्ध तक्ता मांडणे त्याला प्रशस्त वाटले नाही.

चाकांच्या खुर्चीचा निर्णय त्याच सुमारास झाला. पार्कमध्ये भाड्याने मिळणारी खुर्ची पार्कच्या बाहेर नेता येत नाही. बसथांबा ते दार आणि हॉटेलातील लांब वाटा यांसाठी तिचा उपयोग नसतो. म्हणून ऑरलँडोतील एका भाडेदुकानातून घडीची खुर्ची संपूर्ण सहलीसाठी घेतली गेली. आजींनी प्रथम ती साफ नाकारली. “ती खुर्ची यांच्यासाठी घ्या, मला नको,” असे त्यांनी आजोबांकडे बोट दाखवून सांगितले, आणि आजोबांनी काही न बोलता होकार दिल्यावर खुर्ची गाडीत चढली. पहिल्याच दिवशी त्यात बसल्या त्या आजीच.

प्रत्यक्षात काय झाले

घरातील दिवस सुखाचे गेले, पण पूर्ण निवांत नव्हे. मागच्या अंगाला तरणतलाव होता आणि फ्लोरिडातील कायद्यानुसार अशा घरांना मुलांच्या सुरक्षिततेसाठी कुंपण, दारावरची घंटा यांसारखी काहीतरी व्यवस्था ठेवावी लागते. या घराच्या सरकत्या दाराला कर्कश भोंगा होता. आजी पहाटे पाचला उठून सूर्याला अर्घ्य देण्यासाठी तांब्या घेऊन दार सरकवीत, की सगळे घर खडबडून जागे होई. भिंतीवरचे बटण दाबून तो काही सेकंद थांबवता येतो हे दुसऱ्या दिवशी समजले. तलावामुळे तीन वर्षांच्या नातवावर क्षणभरही नजर हटवता येत नव्हती. कागदावर सोय म्हणून मोजलेला तलाव सुनेच्या दृष्टीने पहाराच ठरला. एकादशीची साबुदाण्याची खिचडी मात्र यथासांग झाली.

घर सोडण्याचा दिवस हाच मॅजिक किंग्डमचा दिवस होता. घर दहापर्यंत रिकामे करायचे होते. भांडी घासणे, टॉवेल एका जागी जमा करणे, कचरा बाहेर ठेवणे, फ्रिजमधले दही, भाजी आणि इन्शुलिन थंड पिशवीत भरणे, सहा जणांचे सामान गाडीत चढवणे, या सगळ्यात साडेनऊ वाजले. हॉटेलात सामान जमा करून बस पकडेपर्यंत अकरा वाजले होते. म्हणजे लवकर प्रवेशाचा अर्धा तास तर गेलाच, पण त्यानंतरचे गर्दी नसलेले दोन तासही गेले, आणि कुटुंब दाराशी पोहोचले ते ऊन आणि रांगा या दोन्हींच्या ऐन भरात.

त्या दिवशी लाइटनिंग लेनने बाजू सावरली. ती चौघांसाठीच घेतली होती. आजी-आजोबा राइडच्या फंदात पडणार नाहीत आणि दुपारी परततील असा अंदाज होता, तो खरा ठरला. नातवाची उंची काही राइडना पुरत नव्हती. तेथे पालकांपैकी एकाने मुलाजवळ थांबायचे आणि नंतर पुन्हा पूर्ण रांग न लावता आत जायचे, ही अदलाबदलीची सोय उपयोगी पडली. तीनच्या सुमारास पाऊस आला, त्याआधीच सगळे बसने परतले होते. खोली तयार होती. आजोबा जेवून झोपले, नातूही झोपला. संध्याकाळी सहाला मुलगा, सून आणि नात परत पार्कमध्ये गेले आणि रात्रीची आतषबाजी पाहून आले. तेवढ्या वेळात आजोबांनी वेळेवर जेवून इन्शुलिन घेतले आणि आजींनी नातवाला झोपवले. किसिमीच्या घरातून हाच दिवस काढायचा असता तर दुपारची फेरी बहुधा झाली नसती, आणि आतषबाजीच्या वेळी सहाही जण थकून पदपथावर बसलेले असते, नाहीतर कोणीच नसते.

स्वीटमध्ये आजी-आजोबांना आतली खोली दिली होती. मुलगा आणि सून यांच्यासाठी जेवणाचे टेबल भिंतीकडे सरकवले की त्याच जागी पलंग खाली येतो, मुले सोफ्यावर. रात्री टेबलावरची औषधे, चिवड्याचा डबा आणि नातीने जमवलेले नकाशे हलवल्याशिवाय कोणालाही झोपता येत नव्हते. दोन रात्रींसाठी ही गंमत होती. आठवडाभर राहणाऱ्यांनी मात्र या मांडामांडीचा विचार करूनच स्वीट घ्यावा.

दुसऱ्या दिवशी एप्कॉट. या दिवशी मात्र सकाळी सातलाच सगळे तयार झाले, अर्ध्या तासाची सवलत पुरती वापरली गेली, आणि दहापर्यंत नातीच्या मनातल्या राइड झाल्या. स्कायलायनरच्या पाळण्यांना आजी घाबरतील असे वाटले होते. त्यांनी आत बसल्यावर डोळे मिटून स्तोत्र सुरू केले आणि पहिला खांब ओलांडल्यावर खालचे तळे दाखवून आजोबांनाच माहिती द्यायला सुरुवात केली.

बाराच्या सुमारास आजी-आजोबा दोघेच हॉटेलवर परत निघाले. संपूर्ण सहलीतला हा सर्वांत धाडसी निर्णय होता. मार्ग साधा होता: पाळण्याने कॅरिबियन बीचच्या स्थानकावर यायचे, तेथे मार्ग बदलायचा आणि पुढे हॉटेल. खुर्ची आजोबा ढकलत होते. पण कॅरिबियन बीचला पोहोचेपर्यंत विजा सुरू झाल्या आणि पाळणे थांबवण्यात आले. विजांच्या वेळी ते नेहमीच थांबवतात. आजोबांच्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅप होते, पण ते फक्त वायफायवर चालणारे. अमेरिकेचे सिम घेतलेले नव्हते. अर्धा-पाऊण तास मुलाला त्यांचा ठावठिकाणा कळला नाही. शेवटी तेथील एका कर्मचाऱ्याने त्यांच्या हातातल्या, खोलीची किल्ली म्हणून चालणाऱ्या मनगटी पट्ट्यावरून हॉटेल शोधले आणि त्यांना बसमध्ये बसवून दिले. आजोबांनी पुढे ही हकिगत प्रत्येकाला मोठ्या अभिमानाने सांगितली. मुलगा त्या वेळी काय अवस्थेत होता, हे सुनेने वेगळे सांगितले.

चेक-आउटच्या दिवशी अ‍ॅनिमल किंग्डम झाले. सामान गाडीत, गाडी पार्कच्या वाहनतळावर विनाशुल्क, सकाळी प्राणी पाहण्याची सफारी आणि दुपारी अ‍ॅनिमल किंग्डम लॉजमधील सना या उपाहारगृहात जेवण, असा बेत होता. तेथील नान आणि चटण्यांच्या थाळ्याचे नाव ऐकून आजोबा खूश होते. आजींनी मात्र चटण्यांत काय घातले आहे ते सुनेला विचारायला लावले आणि स्वतः नान दह्याबरोबर खाल्ला. खिडकीबाहेर जिराफ होते, त्यामुळे तक्रार कोणाचीच नव्हती. संध्याकाळच्या विमानाने मंडळी परतली.

वेगळे काय करता आले असते

पहिली गोष्ट क्रमाची. हॉटेल आधी आणि घर नंतर असे केले असते तर सामान हलवण्याचा दिवस जवळजवळ त्रासाविना गेला असता. हॉटेल अकराला सोडायचे असते, पण तेथे आवरायचे काहीच नसते. सामान गाडीत टाकून पार्कमध्ये जायचे, दुपारी पाऊस आला की बाहेर पडायचे आणि चारच्या सुमारास, म्हणजे भाड्याची घरे साधारण ज्या वेळी ताब्यात मिळतात त्याच वेळी, घरी पोहोचायचे. यातही तोटा आहे. आगमनाच्या दिवशी विमान दुपारी उतरत असल्याने त्या दिवसाच्या सवलती अर्ध्या वाया गेल्या असत्या आणि तिसरा पार्क बाहेरून, वाहनतळाचे पैसे भरून करावा लागला असता. तरी मॅजिक किंग्डमची सकाळ वाचली असती आणि माझ्या हिशेबात तिचे मोल 30 डॉलरपेक्षा पुष्कळ जास्त आहे. राहिला प्रश्न एकादशीचा. डिस्नीच्या पार्कमध्ये बाहेरचे खाद्यपदार्थ नेता येतात, मात्र काचेची भांडी चालत नाहीत. राजगिऱ्याचे लाडू, भाजलेले शेंगदाणे आणि फळे यांवर एक दिवस सहज निघाला असता. आजींना हे नंतर विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, “मला आधी विचारलं असतं तर मीच सांगितलं असतं. मी काय खिचडीसाठी अमेरिकेला आले?” निर्णय आजींसाठी घेतला गेला, आजींना विचारून नव्हे.

दुसरी गोष्ट फोनची. वडीलधाऱ्यांनी अधूनमधून एकट्याने परत यावे हाच जर आवारात राहण्याचा हेतू असेल, तर त्यांच्या फोनवर स्थानिक क्रमांक, खिशात मोठ्या अक्षरांत लिहिलेले हॉटेलचे नाव आणि पाळणे बंद पडल्यास बस घ्यायची ही सूचना, यांची तयारी त्या हेतूचाच भाग आहे. शिवाय एकदा सगळ्यांनी मिळून तोच मार्ग उलट दिशेने करून पाहिला असता, तर मार्ग बदलण्याचे स्थानक आजोबांच्या नजरेखालून गेले असते.

गाडीबाबत मात्र माझे मत कुटुंबाच्या मतापेक्षा वेगळे आहे. हॉटेलातील दिवसांत सात आसनी व्हॅन बहुतेक वेळ नुसती उभी होती, म्हणून ती तेवढे दिवस परत करायला हवी होती असे मुलाला वाटते. नातवाचे बाळ-आसन, चाकांची खुर्ची आणि शेवटच्या दिवसाचे सामान पाहता, ती उभी राहण्याचे पैसे वाया गेले असे मला वाटत नाही. आजोबा फोनवर सापडत नव्हते तेव्हा मुलगा बसने हॉटेलवर पोहोचून त्याच व्हॅनने त्यांना शोधायला निघणार होता. किल्ली हातात घेऊन तो पायऱ्या उतरत असतानाच समोरच्या बसमधून आजी-आजोबा खाली उतरले.